मूल सांगू लागतं तेव्हा समोरच्या माणसाला काय यायला हवं

"टीचर, मला काकांकडे जायचं नाही." सात वर्षांची मुलगी एवढंच म्हणते आणि दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत उभी राहते. शिक्षिकेला काहीतरी खटकतं. आता तिने काय विचारायचं? कितपत विचारायचं? आईला लगेच फोन करायचा का? काका घरातच राहत असतील तर? पुढच्या दोन-चार मिनिटांत ती जे बोलेल त्यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. मूल आणखी सांगेल की गप्प बसेल, त्याचा जबाब पुढे न्यायालयात टिकेल की वकील त्याच्या चिंध्या करील, आणि सगळ्यात आधी, आज रात्री ते मूल कुठे आणि कुणासोबत असेल.

अशा वेळी नुसतं चांगलं मन असून भागत नाही. हे काम शिकावं लागतं आणि शिकलेलं टिकवावं लागतं. शिक्षक, बालरोगतज्ज्ञ, परिचारिका, पोलीस, समाजकार्यकर्ते, समुपदेशक, सरकारी वकील, न्यायाधीश, वसतिगृहाचे अधीक्षक, खेळाचे प्रशिक्षक, या सगळ्यांवर कधी ना कधी अशी वेळ येते. त्यांना नेमकं काय शिकवलं जातं आणि त्यानंतर त्यांच्या पाठीशी काय असायला हवं, ते इथे सोप्या शब्दांत मांडायचा प्रयत्न करतो आहे. माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. कार्यशाळा होतात, प्रमाणपत्रं मिळतात, फोटो निघतात, पण नंतरच्या आधाराकडे फारसं कुणी बघत नाही. मुलांचं नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं.

हा प्रश्न थोडक्या मुलांचा नाही. युनिसेफने 2024 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार आज जगात हयात असलेल्या 37 कोटींहून अधिक मुली आणि स्त्रियांवर वयाच्या अठराव्या वर्षाआधी बलात्कार किंवा लैंगिक अत्याचार झालेला आहे. मुलगे यात धरलेले नाहीत. मारहाण, उपासमार, दुर्लक्ष, सततची मानहानी हेही वेगळंच.

दिसत होतं, पण पटत नव्हतं

शिक्षणाने माणसाची नजर कशी बदलते याचं सगळ्यात ठळक उदाहरण वैद्यकशास्त्रातच आहे. 1946 मध्ये जॉन कॅफी या अमेरिकन डॉक्टरांनी सहा तान्ह्या मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या मेंदूभोवती रक्त साठलेलं होतं आणि हातापायांच्या लांब हाडांना फ्रॅक्चर होती. अपघाताची हकिगत मात्र कुणीच देत नव्हतं. एक्स-रे डोळ्यांसमोर होते, तरी आईवडील किंवा सांभाळणारे स्वतःच असं करू शकतात हे उघडपणे म्हणायला वैद्यकीय जगाला आणखी सोळा वर्षं लागली. 1962 मध्ये हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यानंतर पाचेक वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी अशी शंका कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक करणारे कायदे केले.

आज डॉक्टरांना शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी खूप नेमक्या आहेत. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळा-निळा डाग दिसला, किंवा चार महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या अंगावर कुठेही असा डाग दिसला आणि त्याचं पटण्याजोगं कारण मिळालं नाही, तर थांबून विचार करायचा. हा नियम 2010 मध्ये एका अभ्यासातून पुढे आला. 2021 मध्ये त्यात जबड्याचा कोन, गाल, पापण्या, डोळ्याचा पांढरा भाग, ओठाच्या आतली पट्टी आणि एखाद्या वस्तूचा ठसा दिसावा असे डाग यांची भर पडली. त्यामागचा विचार साधा आहे. खेळणारं मूल पडतं तेव्हा गुडघा, कपाळ, हनुवटी, नडगी फुटते. कान सहसा आपटत नाही. आणि जे बाळ अजून उपडंही वळत नाही, ते स्वतःला मार लावून घेईल कसं?

लैंगिक शोषणाच्या बाबतीत मात्र शिकायची गोष्ट उलटी आहे. तिथे शरीरावर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. शोषणाच्या शंकेने तपासलेल्या 2,384 मुलांचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 96 टक्क्यांहून अधिक मुलांची शारीरिक तपासणी पूर्णपणे सामान्य होती. स्पर्शाने खूण उरत नाही, जखमा लवकर भरतात आणि मुलं बहुधा खूप उशिरा सांगतात. म्हणून "तपासणीत काही आढळलं नाही" या वाक्याचा अर्थ "काही घडलं नाही" असा होत नाही. डॉक्टरने आपल्या अहवालात हे स्पष्ट लिहायला हवं, कारण तो अहवाल वाचणाऱ्या पोलिसाला किंवा न्यायाधीशाला ते ठाऊक असेलच असं नाही. कौमार्य तपासण्याच्या नावाखाली जे प्रकार चालतात त्यांना शास्त्राचा कसलाही आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेसह संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2018 मध्ये ते बंद करण्याचं आवाहन केलं. प्रशिक्षणात एवढी एक गोष्ट डॉक्टरांच्या मनावर ठसली तरी कितीतरी मुलींचा एक छळ वाचेल.

वेळेचंही गणित आहे. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी 120 तासांपर्यंत देता येते, आणि दोन्ही जितक्या लवकर तितक्या बऱ्या. रात्रपाळीच्या डॉक्टरला हे आकडे तोंडपाठ हवेत. "सकाळी मोठे डॉक्टर आले की बघू" म्हणण्यात बारा तास सहज जातात.

प्रश्न विचारण्याची विद्या

या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड काम, माझ्या मते, मुलाशी बोलण्याचं आहे. ते सोपं वाटतं, म्हणून तर जास्त अवघड. मुलांशी आपण रोज बोलतो, पण रोजच्या बोलण्याची आपली पद्धतच इथे घातक ठरते. आपण प्रश्नातच उत्तर देतो. "आवडलं ना?" "त्याने मारलं का तुला?" मूल मोठ्यांना बरं वाटेल ते उत्तर देतं, किंवा प्रश्न कळला नाही तरी मान डोलावतं.

याची किंमत जगाने मोजलेली आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन या बालवाडीतल्या शिक्षकांवर लैंगिक शोषणाचे आरोप झाले, त्या प्रकरणात 1983 पासून शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. प्रश्नांमधून सूचना दिल्या गेल्या, "बाकीच्या मुलांनी सांगितलं, तूही हुशार आहेस ना" अशा तऱ्हेने दबाव आणला गेला. खटला 1990 पर्यंत चालला आणि एकही आरोप सिद्ध झाला नाही. नंतर, 1998 मध्ये, संशोधकांनी त्याच तंत्रांची परीक्षा घेतली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात एक पाहुणा येऊन गोष्ट वाचून गेला. आठवड्याने मुलांना त्याच्याबद्दल अशा गोष्टी विचारल्या ज्या त्याने केल्याच नव्हत्या. नुसते सूचक प्रश्न विचारले तेव्हा मुलांनी सुमारे 17 टक्के वेळा होकार दिला. त्यात कौतुक, नापसंती आणि "बाकीचे असं म्हणाले" याची भर घातली तेव्हा हे प्रमाण 58 टक्क्यांवर गेलं. तेही काही मिनिटांच्या बोलण्यात.

हे वाचून काहीजण लगेच म्हणतात, बघा, मुलं खोटं बोलतात. ते चूक आहे. मुलांना नीट विचारलं तर ती खूप विश्वासार्ह सांगतात. बिघाड प्रश्नात असतो. आणि वाईट प्रश्नाने दोन्हीकडून नुकसान होतं: निर्दोष माणूस अडकू शकतो आणि दोषी माणूस सुटू शकतो, कारण मुलाचं खरं बोलणंही प्रश्नाच्या डागामुळे निकामी होतं.

मग नीट विचारायचं कसं? अमेरिकेच्या बाल आरोग्य आणि मानवी विकास संस्थेत मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात एक मुलाखत-पद्धत बांधली. तिच्यावर अनेक देशांत संशोधन झालं आहे. तिचा गाभा असा. आधी ओळख आणि नियम: "मला तिथे काय झालं ते माहीत नाही, कारण मी नव्हते. मी विचारलेलं तुला माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण. मी काही चुकीचं बोलले तर मला सांग." हे नुसतं सांगून सोडायचं नसतं, सराव करून घ्यायचा असतो. "माझ्या घरी कुत्रा आहे, त्याचं नाव काय?" मूल म्हणतं, "मला काय माहीत!" त्यावर, "बरोबर. तुला माहीत नव्हतं आणि तू तसं सांगितलंस. पुढेही असंच कर." मग एखाद्या साध्या प्रसंगाबद्दल, वाढदिवस किंवा कालचा खेळ, मुलाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगू द्यायचं. यातून मुलाला कळतं की इथे एका शब्दात उत्तर द्यायचं नाही, आपल्या मनाने सविस्तर बोलायचं. मुलाखत घेणाऱ्यालाही कळतं की हे मूल किती आणि कसं बोलतं.

त्यानंतर मुख्य विषय. "आज तू इथे कशासाठी आलीस, ते मला सांग." आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. दहा सेकंदांची शांतता मोठ्या माणसाला सहन होत नाही आणि तो मध्येच प्रश्न टाकतो, नेमकं मूल बोलणार असतं तेव्हा.

समजा मूल म्हणालं, "काका मला त्रास देतो." अप्रशिक्षित माणूस विचारील, "कुठे हात लावला? इथे? कपडे काढले का?" तीन प्रश्न, तिन्हींत उत्तर दडलेलं, आणि मुलाने अजून हात लावल्याचं म्हटलेलंही नाही. शिकलेला माणूस म्हणेल, "काका त्रास देतो म्हणालीस. त्याबद्दल सगळं सांग मला." मूल म्हणेल, "तो खोलीत येतो." "तो खोलीत येतो. तो आला की मग काय होतं?" मुलाचेच शब्द परत घ्यायचे आणि पुढचं त्याच्याकडूनच येऊ द्यायचं. कुठे, कोण, कशाने असे नेमके प्रश्न नंतर. हो-नाही किंवा पर्याय देणारे प्रश्न अगदी शेवटी, गरज पडलीच तर, आणि लगेच परत "त्याबद्दल आणखी सांग" वर यायचं. उत्तर सुचवणारा प्रश्न मात्र कधीच नाही.

आणखी एक बारकावा. "किती वेळा झालं?" हा प्रश्न लहान मुलाला विचारू नये. पाच-सहा वर्षांच्या मुलाला असे प्रसंग मोजता येत नाहीत. ते "शंभर वेळा" म्हणतं आणि पुढे उलटतपासणीत त्या शंभरावरून त्याला खोटं ठरवलं जातं. त्याऐवजी "एकदाच झालं की एकापेक्षा जास्त वेळा?" एवढंच विचारावं, आणि मग "शेवटच्या वेळचं सांग", "जी वेळ तुला चांगली आठवते तिच्याबद्दल सांग" असं एकेका प्रसंगाकडे जावं.

पण शिक्षिकेने हे सगळं करायचं का? नाही, आणि इथेच बऱ्याच प्रशिक्षणांत गोंधळ होतो. तपास करणं हे शिक्षिकेचं, डॉक्टरचं किंवा खेळाच्या सरांचं काम नाही. त्यांनी ऐकायचं, एक-दोन मोकळे प्रश्न विचारून एवढंच समजून घ्यायचं की कळवण्याजोगं काही आहे का आणि मूल आत्ता धोक्यात आहे का. मुलाने जे शब्द वापरले ते जसेच्या तसे, आपण विचारलेल्या प्रश्नासकट, त्याच दिवशी लिहून ठेवायचे. मूल म्हणेल, "कुणाला सांगू नका ना." तिथे खोटं वचन द्यायचं नाही. "तुला सुरक्षित ठेवायचं ज्यांचं काम आहे त्यांना मला सांगावंच लागेल. कुणाला आणि कधी सांगते आहे, ते मी तुला आधी सांगेन." आणि एक वाक्य विसरायचं नाही: "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही." ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलावून जाब विचारण्याचा मोह आवरायचा. त्याने पुरावा जातो आणि त्या रात्री मूल त्याच्याच हाती सापडू शकतं.

एकच खोली, एकच मुलाखत

1987 मध्ये इंग्लंडच्या क्लीव्हलंड भागात काही महिन्यांच्या आत 121 मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचं निदान झालं आणि बरीच मुलं घरातून काढून नेली गेली. पुढच्या वर्षी आलेल्या चौकशी अहवालात डॉक्टर, पोलीस आणि समाजकार्य विभाग एकमेकांशी धड बोलत नव्हते, मुलांच्या पुन्हा पुन्हा तपासण्या आणि मुलाखती झाल्या, असं नोंदवलेलं आहे. प्रत्येकजण आपापल्या परीने मुलाचं भलं करायला निघालेला होता. मूल मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवलं गेलं.

यावरचा उपाय त्याच सुमाराला दुसरीकडे आकार घेत होता. 1985 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात हंट्सविल इथे बड क्रेमर या सरकारी वकिलांनी एक केंद्र सुरू केलं. पोलीस, वकील, डॉक्टर, समाजकार्यकर्ते आणि समुपदेशक मुलाकडे येतील, मुलाने त्यांच्या मागे फिरायचं नाही, ही त्यामागची कल्पना. आइसलँडने 1998 मध्ये हीच कल्पना पुढे नेऊन 'बार्नाहूस', म्हणजे मुलांचं घर, उभारलं. पुढे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि इतर देशांत ती पसरली. तिथे एका घरगुती वाटणाऱ्या खोलीत प्रशिक्षित माणूस मुलाशी बोलतो, बाकीचे दुसऱ्या खोलीत पडद्यावर पाहतात, मधल्या विश्रांतीत त्यांचे राहिलेले प्रश्न मुलाखत घेणाऱ्याकडे पोहोचतात, आणि ते ध्वनिचित्रमुद्रण पुढे न्यायालयात वापरलं जातं.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पोलिसांना वेगळ्या सभागृहात आणि डॉक्टरांना वेगळ्या सभागृहात शिकवून पुरत नाही. ज्यांना उद्या एका प्रकरणावर एकत्र काम करायचं आहे, त्यांनी एकाच टेबलाभोवती बसून काल्पनिक प्रकरण सोडवायला हवं. कुणी कुणाला फोन करायचा, मुलाला कोण नेणार, आईला कोण सांगणार, हे तिथे भांडून ठरवलेलं बरं.

आईचा किंवा सांभाळणाऱ्या दुसऱ्या माणसाचा विषय यात फार महत्त्वाचा आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शोषणाची नोंद झालेल्या मुलांपैकी सुमारे 23 टक्क्यांनी नंतर "तसं काही झालं नाही" म्हणत आपलं बोलणं मागे घेतलं. अत्याचार करणारा पालक किंवा पालकाच्या जागी असेल आणि घरातला दुसरा मोठा माणूस मुलाच्या बाजूने उभा राहिला नसेल, तर असं होण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे मुलाखत कितीही सुरेख झाली तरी त्याच संध्याकाळी आईला आधार देणारं कुणी नसेल, तिला राहण्याची, पैशांची, नातेवाइकांच्या दबावाची काळजी एकटीने वाहावी लागत असेल, तर मूल परत गप्प होईल. हे ठाऊक नसलेला अधिकारी मुलालाच खोटं ठरवून फाइल बंद करतो.

शिकलेलं टिकत का नाही

आता या लेखाच्या मूळ मुद्द्याकडे येतो. आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2022 मध्ये, अत्याचाराची शंका ओळखून कळवण्याबद्दल व्यावसायिकांना दिलेल्या प्रशिक्षणाचा आढावा घेतला. त्यांना निकषांत बसणारे फक्त 11 अभ्यास सापडले. प्रशिक्षणाने लोकांची माहिती वाढत असावी असं त्यातून दिसलं. प्रत्यक्षात ते जास्त वेळा आणि जास्त अचूक कळवू लागतात का, याचं खात्रीलायक उत्तर मिळालं नाही. याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा मी काढत नाही. पण शेवटच्या तासाला चाचणी घेऊन "सहभागींचे गुण वाढले" असं अहवालात लिहिणं म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांनी हा आढावा जरूर वाचावा.

मुलाखतीच्या बाबतीत चित्र आणखी स्पष्ट आहे. लॅम्ब यांच्याच गटाने 2002 मध्ये असे मुलाखतकार अभ्यासले, ज्यांच्या प्रत्येक मुलाखतीवर तज्ज्ञ सविस्तर फीडबॅक देत होते. फीडबॅक चालू होता तोवर त्यांच्या मुलाखती उत्तम होत्या. तो थांबवल्यावर पुढच्या सहा महिन्यांत मोकळे प्रश्न कमी झाले आणि सूचक, बंदिस्त प्रश्न परत वाढले. ही शिकलेली, अनुभवी माणसं होती. सुटलेला रियाज गळ्याला जसा लगेच कळतो, तसंच हे. फरक इतकाच की गायकाला बेसूर झालेलं ऐकू येतं, मुलाखत घेणाऱ्याला आपण सूचक प्रश्न विचारला हे बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही. म्हणून दुसऱ्या कुणीतरी ऐकायला हवं.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. महिन्यातून एकदा तीन-चार मुलाखतकार बसतात. एकाच्या खऱ्या मुलाखतीचा दहा मिनिटांचा भाग, मुलाची ओळख पूर्ण लपवून, परवानगीने, सगळे मिळून ऐकतात. हातात लिहून काढलेला मजकूर असतो. प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची: मोकळा, नेमका, पर्याय देणारा, सुचवणारा. मग मोजायचं. "सतराव्या प्रश्नाला तू घाबरलास, मूल रडायला लागलं होतं, आणि तिथून पुढे सगळे हो-नाही." अशा एका बैठकीत जे कळतं ते दिवसभराच्या स्लाइड्समधून कळत नाही. सराव मुलाच्या बोलीत करावा, हेही जाता जाता सांगतो. परक्या भाषेतल्या पुस्तकातून पाठ केलेली वाक्यं ऐन वेळी जिभेवर येत नाहीत.

ऐकणाऱ्याच्या पाठीशी कोण

2000 साली लंडनमध्ये आठ वर्षांची एक मुलगी तिला सांभाळणारी नातेवाईक आणि त्या बाईचा साथीदार यांच्या छळाने मरण पावली. लॉर्ड लॅमिंग यांच्या 2003 मधल्या चौकशी अहवालाने दाखवून दिलं की निदान बारा वेळा तिला वाचवता आलं असतं. पोलीस, रुग्णालयं आणि समाजकार्य विभाग, सगळ्यांच्या नजरेसमोरून ती गेली होती. अहवालातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग तिच्या समाजकार्यकर्तीबद्दलचा आहे. ती अननुभवी होती, तिच्याकडे प्रकरणं जास्त होती आणि तिचं काम बघून तिला प्रश्न विचारणारं, दिशा देणारं धड कुणी नव्हतं. लॅमिंग यांनी वरिष्ठांच्या जबाबदारीवर बोट ठेवलं, ते योग्यच होतं.

या क्षेत्रात सुपरव्हिजन म्हणतात ती गोष्ट हजेरी आणि आकडेवारी विचारण्याची नसते. ठरलेल्या वेळी, बंद दाराआड, वरिष्ठ आणि कार्यकर्ता एकेका प्रकरणावर बोलतात. काय पाहिलंस? मुलाला एकट्याला भेटलास का? घरच्यांनी सांगितलेलं तू तपासलंस की मान्य केलंस? आणि तुला स्वतःला काय होतं आहे? हा शेवटचा प्रश्न शिष्टाचार म्हणून विचारायचा नसतो. त्या घरात जायची भीती वाटणारा माणूस नकळत भेट पुढे ढकलतो, दारातूनच परत येतो, आणि कागदावर "मूल ठीक दिसलं" असं लिहितो. सुपरव्हिजनमध्ये ती भीती बोलून दाखवता आली, तर दुसऱ्या दिवशी सोबत दुसरा माणूस देता येतो.

रोज अशा हकिगती ऐकण्याचा परिणाम माणसावर होतो, आणि आता तो वैद्यकीय पुस्तकांतही आलेला आहे. 2013 मध्ये आलेल्या अमेरिकन मानसोपचार निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत आघातोत्तर तणावाच्या, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या, कारणांमध्ये कामामुळे भीषण तपशिलांना पुन्हा पुन्हा सामोरं जाणं हेही धरलं आहे, आणि तिथे दिलेलं एक उदाहरण मुलांवरच्या अत्याचाराचे तपशील सतत हाताळणाऱ्या पोलिसांचं आहे. झोप उडते, आपल्याच मुलाला कुणाच्या कडेवर द्यायला भीती वाटते, रस्त्यात एखादा माणूस मुलाचा हात धरून जाताना दिसला तरी संशय येतो. काहींचं उलट होतं. सगळं सपाट होऊन जातं, मूल समोर रडतं आहे आणि आपल्याला काहीच वाटत नाही. यातलं दुसरं लक्षण मुलासाठी जास्त धोक्याचं, कारण ते कुणाला दिसत नाही, आणि कार्यालयात तर त्यालाच कणखरपणा म्हणतात.

यावर संस्था काय करतात? पुष्कळदा एखाद्या भयंकर प्रकरणानंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून "काय वाटलं ते बोला" असं एक सत्र घेतात. हेतू चांगला असतो. पण अशा एकाच सत्राच्या, सगळ्यांना सक्तीने बोलायला लावणाऱ्या पद्धतीने पुढचा आघातोत्तर तणाव टळत नाही, उलट काहींना त्रासही होऊ शकतो, असं संशोधनाच्या आढाव्यांतून दिसलं आहे. त्यापेक्षा कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी कामाच्या असतात: एका माणसाकडे किती प्रकरणं याला मर्यादा, अत्याचाराच्या चित्रफिती पाहण्याच्या कामात पाळ्या, कठीण मुलाखतीनंतर लगेच दुसरी न लावणं, गरज असेल त्याला गोपनीय समुपदेशन, आणि ते घेतलं म्हणून बढती अडणार नाही याची लेखी हमी. योग, ध्यान, फिरायला जाणं हे सगळं चांगलंच आहे. पण ज्याच्या टेबलावर साठ फाइल्स आहेत त्याला "स्वतःची काळजी घे" असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

शिकण्यासाठी मोफत साधनं बरीच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने लैंगिक शोषण झालेल्या मुलांच्या उपचारांबद्दल 2017 मध्ये आणि मुलांच्या एकूण छळाबद्दल 2019 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. मानसिक प्रथमोपचाराची तिची 2011 ची पुस्तिका शिक्षकालाही वाचता येईल इतकी सोपी आहे. अमेरिकेतलं राष्ट्रीय बाल आघात-तणाव जाळं (NCTSN) समाजकार्यकर्ते, शिक्षक, पालक यांच्यासाठी वेगवेगळं साहित्य देतं. कार्यकर्त्याने स्वतःची अवस्था तपासण्यासाठी तीस प्रश्नांची, बेथ स्टॅम यांनी तयार केलेली प्रश्नावली विनामूल्य वापरता येते. तिने निदान होत नाही, पण सहा महिन्यांपूर्वीची आणि आजची उत्तरं शेजारी ठेवली की बोलायला सुरुवात होते.

छोट्या संस्थेकडे किंवा शाळेकडे यातलं बरंच नसेल, तरी काही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. एका पानावर लिहिलेली कार्यपद्धती: शंका आली की कुणाला, कोणत्या क्रमांकावर, किती वेळात कळवायचं, आणि ती व्यक्ती स्वतःच संशयित असेल तर मग कुणाला. हे पान मुख्याध्यापकांच्या कपाटात नको, शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर हवं. जबाबदार म्हणून दोन माणसं, एक नव्हे, कारण एकजण रजेवर असतोच. वर्षातून दोनदा तासाभराचा सराव, ज्यात एकजण मूल होतो आणि दुसऱ्याला फक्त ऐकायचं असतं. ज्याने शंका कळवली त्याला नंतर काहीच कळत नाही, ही जुनी तक्रार आहे. आपलं म्हणणं कुठे गेलं हे न कळलेला माणूस पुढच्या वेळी कळवायला कचरतो. तपशील गोपनीय ठेवूनही "तुमची माहिती मिळाली, मुलाशी योग्य माणूस बोलला, पुढे काही दिसलं तर या व्यक्तीला सांगा" एवढं त्याला आठवड्याच्या आत कळवता येतं. आणि सुपरव्हिजनचा तास एकदा वेळापत्रकात लिहिला की तो कार्यक्रम, पाहुणे किंवा वर्षअखेरीच्या अहवालासाठी रद्द करायचा नाही. रद्द करावाच लागला तर त्याच आठवड्यातली दुसरी तारीख तिथल्या तिथे लिहून ठेवायची.